सहावा टॅपेट

सहाव्या टॅपेटची फट पंधरा थाऊ असायला हवी होती. जानेवारीत मी ती पंधराला बसवली. मार्चमध्ये एकवीस निघाली. पुन्हा पंधराला आणली, तर मेमध्ये चोवीस. बाकीचे सात जागचे हलले नव्हते. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे एखादं माप सतत एकाच दिशेला सरकत असेल तर आम्ही उपकरण बंद करतो आणि कारण शोधतो. इथे मात्र मी दर दोन महिन्यांनी स्क्रू पिळून कारण झाकत होते, आणि हे मला बरंच उशिरा कळलं.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हा शब्द मला नवा नव्हता. माझे वडील, अप्पा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले. ‘दोन थाऊ काढ’, ‘एक सूत सोड’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण लेथ त्यांचा होता, माझा कधीच नव्हता. त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी गाडीचं बॉनेट पाणी भरायलासुद्धा उघडलं नव्हतं.

मी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला राहते. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठचं हे गाव. एम.जी.च्या गाड्या इथे बनत. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला. आता तिथे एम.जी.च्या नावाचं उरलंय ते गाडीवाल्यांच्या क्लबचं कार्यालय, किंबर हाऊस. तिथे उन्हाळ्यात येणाऱ्या गाड्या मी दहा वर्षं पाहत होते. मग एके दिवशी १९७६ सालची एमजीबी जीटी विकत घेतली. १७९८ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. ही गाडी स्वतःच्या हाताने राखायची असं मी ठरवलं होतं, आणि पहिलंच काम शिकले ते टॅपेट बसवण्याचं.

हे काम मला फार आवडलं, कारण त्यात एक सुंदर हिशेब आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना पहिल्याची फट बघायची, सहावा उघडा असताना तिसऱ्याची, तिसरा उघडा असताना सहाव्याची. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. हा नऊचा नियम पाठ झाला तेव्हा इंजिनातलं एक दार आपल्यासाठी उघडलं असं मला वाटलं. त्याच दारातून सहावा टॅपेट बिघडलेला दिसला.

इथेच पहिला गोंधळ झाला. टॅपेट म्हणजे रॉकरखालची फट असं मी समजत होते, कारण आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘टॅपेट वाजतायत’ म्हणतात ते त्या फटीलाच. इंग्लिश पुस्तकात टॅपेट म्हणजे कॅमवर टेकलेली लोखंडी वाटी. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये फिरतो. त्याच्या प्रत्येक लोबवर एक वाटी, वाटीत एक लांब पुशरॉड, पुशरॉडवर रॉकर आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. लोब वर आला की ही सगळी साखळी ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. तो मिटवायला मात्र कॅम काहीच करत नाही. ते काम एकट्या स्प्रिंगचं.

ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून सहावी वाटी वर ओढली. तिचं बूड आरशासारखं असायला हवं. त्यात खड्डे पडले होते. खालच्या लोबचं टोक बोथट झालं होतं. फट वाढत होती ती वाटीचं बूड झिजत होतं म्हणून.

नवा कॅम घ्यायचा तर मूळ मापाचाच का घ्यायचा, असा प्रश्न मला विक्रेत्यांच्या याद्या वाचून पडला. रस्त्यावरचा जलद, रॅलीचा, शर्यतीचा असे प्रकार, आणि किमतीत फारसा फरक नाही. मी रस्त्यावरचा जलद निवडला. मूळ कॅम व्हॉल्व्ह सुमारे सव्वानऊ मिलिमीटर उचलतो. नव्याच्या कार्डावर उचल १०.४ मिलिमीटर लिहिली होती आणि उघडं राहण्याचा काळ २७० अंश. व्हॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडा राहणार, म्हणून वरच्या फेऱ्यांत इंजिनाला श्वास जास्त मिळणार, इतकं समजलं. कार्डाच्या तळाशी ‘योग्य स्प्रिंग वापरा’ अशी ओळ होती. योग्य म्हणजे कोणती, हे तिथे नव्हतं.

इंजिन बाहेर काढून कॅम बदलण्याची माझी तयारी नव्हती. एका वर्कशॉपला काम दिलं. तिथल्या माणसाने सांगितलं की एकेरी स्प्रिंगा काढून दुहेरी घालू, त्याही शर्यतीच्या, म्हणजे काळजीच नको. मला ते पटलं. कडक म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे सुरक्षित, इतकाच विचार माझ्यापाशी होता. त्याने काही मोजलं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

गाडी आली. पहिले चारशे मैल मी तिला अगदी जपून चालवलं. कमी फेरे, गावातल्या गावात, सिग्नलला शांत उभी. नव्या कॅमला त्रास होऊ नये म्हणून. मग फट तपासली. दुसरा एकोणीस. सहावा अठ्ठावीस.

त्या संध्याकाळी मी कोल्हापूरला फोन केला आणि रडले. अप्पा तसेही जूनमध्ये सहा महिन्यांसाठी येणार होते. ते म्हणाले, “इंजिन उघडू नको, काही विकत घेऊ नको. मी येतोय. आणि त्या स्प्रिंगा टाकू नको, मला बघायच्यात.”

अप्पांनी शर्यतीचा कॅम कधी पाहिला नव्हता. त्यांची हयात डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांत गेली. पण त्यांना मोजता येतं. आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी व्हॉल्व्ह ज्यात बसतात ते हेड बाकावर घेतलं, एक व्हॉल्व्ह सुटा केला, स्प्रिंग हातात धरून फिरवली आणि विचारलं, “किती फेऱ्यांपर्यंत चालवतेस?”

“साडेपाच हजार. त्याच्या पुढे कधीच नाही, अप्पा.”

“मग ही शर्यतीची स्प्रिंग कुणासाठी घातली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी मला स्प्रिंगचं काम समजावलं, आणि ते मी जसं समजले तसं लिहिते. लोबच्या चढावर कॅम व्हॉल्व्हला ढकलतो. टोकाजवळ पोचताना व्हॉल्व्ह थांबून परत फिरायला हवा, पण त्याला वेग आलेला असतो. त्याला आणि त्याच्यामागच्या रॉकर, पुशरॉड, वाटी या सगळ्या वजनाला कॅमवर दाबून धरतं ते स्प्रिंगचं बळ. बळ कमी पडलं तर वाटी कॅमवरून सुटते, हवेत राहते आणि परत आदळते. लागणारं बळ फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं. फेरे सव्वापट झाले तर बळ दीडपटीहून जास्त हवं. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो. तेव्हा कमकुवत स्प्रिंग चालत नाही हे खरं.

पण दुसरी बाजू मला कुणी सांगितली नव्हती. इंजिन जोरात फिरतं तेव्हा त्या वजनाचा वेगच टोकावरचा दाब हलका करतो. धीम्या फेऱ्यांना ही सूट मिळत नाही. स्प्रिंगचा सगळा दाब लोबच्या टोकावर पडतो. शिवाय या इंजिनात लोबला तेल मिळतं ते बहुतांश क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आणि धीम्या फेऱ्यांना शिंतोडेही कमी. म्हणजे चारशे मैल मी गाडीला जपत होते तेव्हाच कॅमचं टोक सर्वात जास्त दाबाखाली, सर्वात कमी तेलात घासत होतं. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीने नुकसान होतं तेव्हा राग कुणावर करायचा ते कळत नाही.

“किती दाब ते बघू,” अप्पा म्हणाले. आमच्याकडे स्प्रिंग मोजायचं यंत्र नव्हतं. त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणायला लावला. तो शेजाऱ्यांच्या उभ्या ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवला, त्यावर जाड पोलादी पट्टी, पट्टीवर स्प्रिंग, आणि ड्रिलच्या दांड्याने वरून दाबायचं. मी व्हर्नियरने उंची वाचायची, त्यांनी काट्यावरचे किलो. काटा खरा आहे का हे मी आधी पाण्याच्या मोजलेल्या कॅनने तपासलं. हे मात्र माझं क्षेत्र होतं. दोन दुपारी आम्ही हेच केलं. अप्पांबरोबर इतका सलग वेळ मी शाळेत असल्यापासून घालवला नव्हता.

दोन उंच्या महत्त्वाच्या. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग ज्या उंचीत बसते ती, आणि पूर्ण उघडताना जिथपर्यंत दबते ती. माझ्या गाडीच्या पुस्तकात पहिली ३६.६ मिलिमीटर दिली आहे. मूळ एकेरी स्प्रिंग मोकळी असताना ४८.८ मिलिमीटर असते आणि बसल्यावर सुमारे ३७ किलोने दाबते. माझ्या जुन्या स्प्रिंगा ३३ किलो दाखवत होत्या. वय झालं होतं त्यांचं. वर्कशॉपने घातलेली जोडी त्याच उंचीला ६२ किलो आणि पूर्ण दबल्यावर ११८. रॉकर तराजूसारखा समसमान नसतो. या इंजिनात व्हॉल्व्हकडची बाजू सुमारे १.४ पट लांब आहे. म्हणून व्हॉल्व्हवरचे ११८ किलो कॅमच्या टोकावर जवळजवळ १७० होतात. वाटी आणि लोब एकमेकांना टेकतात ती जागा एका बारीक रेषेएवढी. त्या रेषेवर दोन माणसांहून जास्त वजन.

मग अप्पांनी स्प्रिंग तशीच दाबत नेली, सगळे वेढे एकमेकांना भिडेपर्यंत. आतली स्प्रिंग २५.९ मिलिमीटरला भिडली. त्यानंतर ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होते. कॅम मात्र ढकलतच राहतो आणि मग पुशरॉड वाकतो किंवा त्याहून वाईट काही होतं. निदान दीड मिलिमीटर तरी फट शिल्लक असावी असं अप्पांचं मत पडलं. आमच्याकडे किती होती ते कळायला खरी उचल मोजायला हवी होती.

त्यासाठी पुन्हा नवा कॅम आणावा लागला, आणि त्याबरोबर आठ नव्या वाट्या. जुनी वाटी नव्या कॅमवर कधीच घालायची नाही, कारण दोघांचे चेहरे एकमेकांवर घासूनच जुळतात. लोबला किंचित उतार आणि वाटीच्या बुडाला अगदी सूक्ष्म फुगवटा असतो, त्यामुळे वाटी चालताना स्वतःभोवती फिरते आणि झीज एका जागी होत नाही. फिरणं थांबलं की वाटी मेली.

कॅम बसवल्यावर एका व्हॉल्व्हवर हार्डवेअरच्या दुकानातली मऊ स्प्रिंग घातली, म्हणजे मोजताना पुशरॉड वाकून माप चुकणार नाही, आणि स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या, व्हॉल्व्हच्या टोपीवर डायल गेज लावला. इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. कार्डावर १०.४ होती ती उचल प्रत्यक्षात १०.१ भरली. पंधरा थाऊची फट कार्डाने वजा केली नव्हती. ३६.६ मधून १०.१ गेले, उरले २६.५. शर्यतीची स्प्रिंग २५.९ ला ठोकळा होते. मध्ये ०.६ मिलिमीटर. नखाएवढीच जागा.

“बाळ, यात वाकलं काहीच नाही हे तुझं नशीब,” अप्पा म्हणाले आणि पुढे त्या वर्कशॉपबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मी बोलले असते. हातात कॅमचं कार्ड असताना स्प्रिंग न मोजता घालणं हा हलगर्जीपणा होता, आणि त्याची किंमत एक कॅम आणि आठ वाट्या.

३६.६ हा आकडा पुस्तकातला होता. माझ्या हेडमधला कोणता? प्रत्येक व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय बसवला, टोपी आणि चिमुकल्या कॉटर लावल्या, वर ओढून धरला आणि टेलिस्कोपिक गेजने टोपीपासून हेडपर्यंतचं अंतर घेतलं. आठ व्हॉल्व्हची आठ मापं आली, ३६.६ पासून ३७.५ पर्यंत. फरकाचं कारण असं. इंग्लंडमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल १९९९ च्या अखेरीस पंपांवरून गेलं. शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालवायला अशा हेडमध्ये व्हॉल्व्हखाली कडक पोलादाच्या नव्या सीट बसवतात, आणि माझ्या हेडमध्येही कुणीतरी त्या बसवल्या होत्या. सीट जितकी खोल कापली जाते तितका व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि त्याची टोपीही वर जाते. स्प्रिंगला जागा जास्त मिळते आणि तिचा दाब कमी होतो. एकाच हेडमध्ये एक स्प्रिंग दुसरीपेक्षा चार किलोने ढिली बसली असती. हे पाहताना मला प्रयोगशाळेची आठवण आली. तिथे आम्ही एका नळीच्या मापावरून दुसरीचं माप कधीच गृहीत धरत नाही.

मग पहिल्यांदा मी स्प्रिंग मागवायला फोन केला तेव्हा माझ्यापुढे कागद होता. ज्यांनी कॅम घासून दिला त्यांनाच विचारलं. त्यांनी विचारलेल्या सगळ्या गोष्टी कागदावर होत्या: खरी उचल, बसलेली उंची, टोपी कोणती, फेऱ्यांची मर्यादा. मी मूळ एकेरी स्प्रिंगबद्दलही विचारलं, कारण वेढे भिडण्याच्या दृष्टीने तीही जेमतेम चालली असती. ते म्हणाले, या कॅमचा चढउतार मूळ कॅमपेक्षा तीव्र आहे, बसलेला दाब चाळीस किलोच्या आसपास हवा. त्यांनी सौम्य दुहेरी जोडी सुचवली. आतली स्प्रिंग एका दिशेने वळलेली, बाहेरची उलट, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत.

जोडी आल्यावर आम्ही ती पुन्हा वजनकाट्यावर दाबलीच. ३६.६ ला ४१ किलो, २६.५ ला ८४. वेढे २४.४ ला भिडतात, म्हणजे शिल्लक २.१ मिलिमीटर. कॅमच्या टोकावर आता १२० किलोच्या आत. टोपीचं बूड व्हॉल्व्ह गाइडवरच्या रबरी सीलला आपटत नाही ना, हेही पाहिलं, तिथे १.२ मिलिमीटर उरले. मग उंचीतले फरक पातळ शिम घालून भरले. ज्याचं ३७.५ होतं त्याखाली ०.९ ची शिम, ज्याचं ३७.१ त्याखाली ०.५. आठही ३६.६ ला आले, एक दशांश इकडेतिकडे.

सुरू करायच्या दिवशी मला झोप लागली नव्हती. लोबवर आणि वाट्यांच्या बुडाला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावली होती. तेल जस्तयुक्त, जुन्या इंजिनांसाठीचं. प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवलं, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. मग प्लग लावले, किल्ली फिरवली आणि लगेच दोन हजारांवर नेलं. वीस मिनिटं दोन ते अडीच हजारांच्या मध्ये, एकदाही आयडलला न सोडता. पाय थरथरत होता. अप्पा घड्याळ धरून रेडिएटरपाशी उभे होते.

वीस मिनिटं झाल्यावर इंजिन सावकाश केलं आणि अप्पांनी रॉकरचं झाकण उचललं. “इकडे ये, बघ,” ते म्हणाले. रॉकर वरखाली होत होते आणि त्यांच्याखाली आठही पुशरॉड स्वतःभोवती हळूहळू फिरत होते. खाली न दिसणाऱ्या आठ वाट्या फिरत होत्या म्हणून. सहावा सगळ्यांबरोबर फिरत होता. मी तिथेच बसून बघत राहिले.

अप्पा नोव्हेंबरात परत गेले. जाताना वजनकाट्याचा तो कागद घडी करून गाडीच्या पुस्तकात ठेवून गेले.

जुनी गाडी घेतलेल्या आणि पहिल्यांदाच कॅम बदलू पाहणाऱ्या माणसाला मी एवढंच सांगेन: कॅम हातात आल्यावर लगेच स्प्रिंग मागवू नका. आधी आपल्या हेडमधली आठ मापं घ्या, उचल डायल गेजवर बघा, स्प्रिंग वजनकाट्यावर दाबा. वर्कशॉपला काम देणार असाल तर हे आकडे लिहून मागा. आकडे देता येत नाहीत असं तिथे कळलं तर गाडी परत आणा.

मागच्या रविवारी एक हजार मैल पूर्ण झाले. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि नऊच्या नियमाने फटी तपासल्या. आठही पंधरा थाऊ.